हिवाळ्यात झाकून ठेवलेल्या गाडीसाठी शेक्सपिअरच्या थाटाची कविता मराठीत करायची आहे, मदत करा

निळी_एमजी

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा वेगळा आहे आणि लांबणार आहे, सांभाळून घ्या.

मी मूळचा चिंचवडचा, सध्या इंग्लंडमध्ये वॉरिकशायरात लेमिंग्टन स्पाला असतो. टाटांनी २००८ ला जग्वार लँड रोव्हर घेतली त्यानंतर पुणे-पिंपरीकडचे बरेच इंजिनीअर कॉव्हेंट्री आणि गेडनच्या पट्ट्यात आले, त्यातलाच एक. तीन वर्षांपूर्वी एक जुनी एमजीबी घेतली, १९७२ ची, उघड्या टपाची, टील ब्लू रंग. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ही दोन सीटची स्पोर्ट्स गाडी १९६२ ते १९८० अबिंग्डनच्या कारखान्यात बनायची, १७९८ सीसीचं इंजिन, पाच लाखांच्या वर गाड्या निघाल्या त्यामुळे सुटे भाग आजही मिळतात आणि माझ्यासारख्या पगारदार माणसाला परवडते. गाडी घेतली तशी गावातल्या जुन्या गाड्यांच्या क्लबात पण जायला लागलो, पंचवीस-तीस माणसं, बहुतेक साठीच्या पुढची, महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारी एका पबच्या मागच्या खोलीत भेटतात.

आता हिवाळा म्हणजे आमचा बंद सीझन. पावसाने गाड्या थांबत नाहीत, मिठाने थांबतात. रस्त्यावर बर्फ धरू नये म्हणून रात्री खडेमीठ टाकत ट्रक फिरतात आणि ते मीठ गाडीखाली बसलं की पत्रा खातं. एमजीबीला वेगळी चासी नाही, दाराखालचे पट्टे ज्याला सिल म्हणतात तेच तिचा कणा, ते कुजले की गाडी संपली. म्हणून नोव्हेंबर ते मार्च गाड्या गॅरेजमध्ये. टाकी भरलेली, हँडब्रेक सोडलेला (ओढून ठेवला तर चार महिन्यांत ब्रेक शू ड्रमला चिकटतात), चाकांना ठोकळे, वरून कव्हर.

मग या माणसांनी त्या महिन्यांसाठी एक खेळ काढलाय. प्रत्येकाने आपल्या झोपलेल्या गाडीवर शेक्सपिअरच्या थाटात कविता करायची आणि गुरुवारी उभं राहून म्हणायची. शेक्सपिअरचं स्ट्रॅटफर्ड आमच्यापासून गाडीने अर्ध्या तासाच्या आत आहे, त्यामुळे तो यांना घरचाच वाटतो. डिसेंबरमध्ये एकाने आपल्या दोन एसयू कार्ब्युरेटरना (इंजिनाला हवा आणि पेट्रोल मिसळून देणारे भाग) दोन भांडणारी सरदार घराणी केलं, एक जास्त हवा खातं आणि दुसरं उपाशी राहतं, आणि शेवटी बिचारा मालक नळी कानाला लावून दोघांची फुसफुस सारखी होईपर्यंत स्क्रू फिरवतो म्हणजे समेट होतो. खोली नुसती हसत होती. हातात जुनी डिस्ट्रिब्युटर कॅप (इंजिनात ठिणगी वाटणाऱ्या भागाचं झाकण) धरून, हॅम्लेट कवटीशी बोलतो तसं एकाने भाषण केलं.

आणि शेवटी एक आजोबा उठले. मूळचे यॉर्कशरचे, कॉव्हेंट्रीत टूलमेकर म्हणून आयुष्य गेलं. डोळे अधू झाल्यामुळे त्यांनी ऑक्टोबरमध्ये गाडी विकली. त्यांनी चारच ओळी म्हटल्या, रिकाम्या गॅरेजवर, फरशीवरच्या तेलाच्या डागावर. कोणी हसलं नाही. मला घरी येईपर्यंत त्या ओळी डोक्यात होत्या.

जानेवारीत माझी पाळी आहे. ते म्हणाले तुझ्या भाषेत म्हण, मग अर्थ सांग. मला खूप मनापासून करायचंय हे, फक्त टाळ्यांसाठी नाही. पण शाळेनंतर मी मराठीत एक ओळ लिहिलेली नाही. शेक्सपिअरच्या त्या ओळींचा ठेका मराठीत येतो का? आणि तो भारदस्तपणा आणायचा तर कुठली भाषा वापरू? मी एवढंच केलंय:

"हे माझ्या निळ्या गाडी, तू का गं अशी झोपलीस
बाहेर मीठ पडलंय म्हणून मी तुला झाकलंय"

हे काही जमत नाहीये ते मलाही कळतंय.

पद्मिनी_१०८९

भावा वाचून लई बरं वाटलं. मी नाशिकचा, माझ्याकडे वडिलांची प्रीमियर पद्मिनी आहे, १०८९ सीसी, गिअर स्टिअरिंगजवळ. आपल्याकडे उलटं, आमचा बंद सीझन म्हणजे पावसाळा, जून ते सप्टेंबर आम्ही पाच-सहा जण गाड्या बाहेर काढत नाही, दाराच्या खालच्या कडेला पाणी साचतं तिथून गंज सुरू होतो आणि मग फिटर-डेंटरच्या मागे फिरत बसायचं. शनिवारी एकाच्या शेडमध्ये जमतो, भजी, चहा, आणि गाड्यांच्या गप्पा, पण कविता कधी सुचली नाही राव.

माझं म्हणणं पोवाडा कर. डफ नसला तरी टेबल बडवता येतं, गोऱ्या लोकांना ठेका लगेच कळेल.

आणि एक विचारायचं होतं, एमजीबीला सीटच्या मागे सहा सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असतात ना? तू चार्जिंगचं काय करतोस? नाहीतर मार्चमध्ये कविता करायला बॅटरीच उरायची नाही.

निळी_एमजी

बरोबर, १९७२ ला दोनच होत्या, पण आधीच्या मालकाने बारा व्होल्टची एकच बसवली आहे. भिंतीवर छोटा चार्जर लावलाय, थेंब थेंब करंट देतो आणि भरली की आपोआप थांबतो. आणि हिवाळ्यात मधूनच पाच मिनिटं इंजिन सुरू करून बंद करायचं नाही हे इथे सगळे बजावून सांगतात, इंजिन नीट तापत नाही आणि सायलेन्सरमध्ये पाणी धरतं, तो आतून गंजतो. करायचं तर अर्धा तास चालवा नाहीतर हात लावू नका.

पोवाड्याची कल्पना आवडली पण...

सांगलीच्या_बाई

पोवाडा नको हो. पोवाडा लढाई जिंकून आलेल्याचा असतो, तुमची गाडी तर चार महिने मुकी उभी आहे, तिच्याशी हळू बोलायला हवं. मी एकतीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं, हा प्रश्न वाचून मला राहवलं नाही म्हणून जरा सविस्तर लिहिते.

शेक्सपिअरच्या ओळीचा जो ठेका, त्यात दहा अवयव, पाच जोड्या, प्रत्येक जोडीत पहिला हलका आणि दुसऱ्यावर जोर. ड-डम ड-डम ड-डम ड-डम ड-डम. इंग्रजीत हा खेळ आघातावर चालतो. मराठीत आघात असा नाही चालत, पण आपल्याकडे त्याहून काटेकोर गोष्ट आहे, लघु आणि गुरू. ऱ्हस्व अक्षर लघु, दीर्घ अक्षर, अनुस्वाराचं अक्षर आणि जोडाक्षराच्या आधीचं अक्षर ज्यावर जोर येतो ते गुरू. म्हणजे इंग्रजीतली ती जोडी आपल्या हिशेबात झाली "लगा". सखे. तुझी. निळी. उभी. धुके. बघा, आपल्या भाषेत असे किती शब्द पडलेत.

आणि हा ठेका आपल्याला परका अजिबात नाही. लगा आठ वेळा आला की पंचचामर वृत्त, शिवतांडवस्तोत्र ज्याने ऐकलंय त्याच्या कानात ते बसलेलं असतं. लगा चार वेळा आला की प्रमाणिका. तुम्हाला हवं ते बरोबर मधलं, पाच वेळा. म्हणजे कुठून उसनं आणायचं नाही, फक्त स्तोत्रासारखं जोरात म्हणायच्या ऐवजी हळू म्हणायचं.

आता रचना. चौदा ओळींची जी इंग्रजी कविता, ती मराठीत सुनीत म्हणून आली. केशवसुतांनी १८९२ साली मराठीतलं पहिलं सुनीत लिहिलं. पुढे अनेकांनी ती शार्दूलविक्रीडितात लिहिली. हे वृत्त तुम्हाला माहीत नाही असं म्हणू नका, लग्नात अक्षता हातात घेऊन ज्या चालीवर उभे राहता तेच ते, मंगलाष्टकांचं. चाचणी म्हणून लग्नाच्या चालीवर ही ओळ म्हणून बघा:

आली गाडि घरी, दिवे विझवले, कुर्यात् सदा मंगलम्

पण चौदा ओळी त्या वृत्तात पहिल्याच वेळी जमवणं कठीण, एका ओळीला एकोणीस अक्षरं. लगा घ्या. यमकाची वीण शेक्सपिअरची ठेवा, पहिली तिसरी जुळते, दुसरी चौथी जुळते, असे तीन चौक आणि शेवटी दोन ओळींची जोडी. सुरुवात मी करून देते, पुढचं तुम्ही करा, मी वही तपासते:

सखे, तुझी निळी तनू झुरे,
मुकी उभी घरी, दिवे मुके;
मिठातली हवा पथी फिरे,
दिशा दहा गिळी उभे धुके.

निळी_एमजी

बाई! मी हे मोठ्याने वाचलं आणि माझी बायको किचनमधून बाहेर आली, म्हणाली कोणाशी बोलतोयस. "मिठातली हवा पथी फिरे" म्हणजे आमचा जानेवारीचा रस्ता जसाच्या तसा, हवेला खरंच तसा वास असतो, दाराच्या काचेवर सकाळी पांढरा थर असतो मिठाचा. सांगलीत बसून तुम्हाला कसं कळलं.

आणि प्लीज मला तू म्हणा. तुम्ही बाई आहात आणि वही तपासणार आहात, अहो-जाहो ऐकून चुकल्यासारखं होतंय.

रात्री बसून प्रयत्न केला, कागदावर ल गा ल गा मांडून:

"वरून कव्हर घातलं भलं"

आणि

"कार्ब्युरेटर तुझे दोन झोपले"

पहिलं जवळ आलंय असं वाटतंय पण म्हणताना ठेचकाळतं.

कॉव्हेंट्रीकर

अरे मी पण इकडेच, कॉव्हेंट्रीला, तुझ्या क्लबात नाही पण दरवर्षी स्ट्रॅटफर्डला नाटक बघायला जातो. दोन-तीन गोष्टी सांगतो ज्या तुला त्या खोलीत उपयोगी पडतील.

बाईंना तू म्हणा म्हणालास ना, तिथेच खरी गंमत आहे. शेक्सपिअरच्या इंग्रजीत समोरच्यासाठी दोन सर्वनामं होती, दाऊ (thou) आणि यू (you). आपण शाळेत दाऊ म्हणजे जुनं भारदस्त काहीतरी असं शिकलो, पण ते उलटं आहे. दाऊ म्हणजे आपला तू. जवळच्याला, लहानाला, नोकराला, आणि देवाला पण. यू म्हणजे तुम्ही, अनेकांना आणि मान द्यायचा त्या एकालाही. नाटकात एखादं पात्र बोलता बोलता यूवरून दाऊवर आलं की तिथे काहीतरी घडलेलं असतं, प्रेम बसलेलं असतं नाहीतर डोकं फिरलेलं असतं. नेहमीच्या इंग्रजीतून तो फरक गेला, आजच्या इंग्रज माणसाला तो पुस्तकातून समजून घ्यावा लागतो. आपल्याला काही शिकावं लागत नाही, आपण रोज दहा वेळा तू की तुम्ही ठरवतो, आईला तू, विठोबाला तू, सासऱ्यांना तुम्ही. म्हणून माझं मत असं की मराठीत केलेली तुझी कविता त्यांच्या कवितांपेक्षा शेक्सपिअरच्या जास्त जवळ जाईल, कारण तू गाडीला "तुझी" म्हणशील तेव्हा ते तुला खरोखर वाटत असेल.

अजून एक. त्या भाषेत दाऊबरोबर क्रियापदाला शेवटी स्ट लागतो, आणि ही किंवा शीबरोबर थ. बरेच लोक नक्कल करताना सरसकट सगळीकडे थ लावून टाकतात, ते चुकतं. आपल्याला लक्षात ठेवायला सोपं आहे, तू करतोस, तू जातोस, आपल्याकडेही तूबरोबर स येतोच, संस्कृतात गच्छसि मध्ये पण आहे. ही नुसती योगायोगाची गोष्ट नाही, भाषांचं जुनं नातं आहे.

तुझे ते आजोबा यॉर्कशरचे ना? मग ते बहुतेक नक्कल करत नसणार. यॉर्कशरच्या बोलीत दाऊ बराच काळ जिवंत राहिला, 'दा' म्हणतात, घरातली जुनी माणसं एकमेकांना म्हणायची. विचार त्यांना.

आणि तारीख बघितलीस का? ड्राइव्ह इट डे, जेव्हा देशभरातले लोक हिवाळ्यानंतर जुन्या गाड्या बाहेर काढतात, तो एप्रिलमधल्या त्या ठरावीक रविवारीच का असतो, तर २३ एप्रिल १९०० ला लंडनच्या हाइड पार्क कॉर्नरवरून हजार मैलांची ट्रायल निघाली होती, एडिनबर्गपर्यंत जाऊन परत, लोकांना मोटार म्हणजे काय ते दाखवायला. आणि २३ एप्रिल हीच शेक्सपिअर गेला ती तारीख, १६१६. जन्मदिवसही परंपरेने तोच धरतात, कारण बाप्तिस्मा २६ एप्रिल १५६४ चा आहे. म्हणजे तुमच्या गाड्या उठतात त्याच आठवड्यात इकडे स्ट्रॅटफर्डला त्याची मिरवणूक निघते. ही गोष्ट तुझ्या क्लबात कोणी बोललं नसेल तर तू बोल.

निळी_एमजी

हे मला माहीत नव्हतं!! दोन्ही गोष्टी दरवर्षी बघतोय, रविवारी गाडी काढतो, त्याच सुमारास स्ट्रॅटफर्डला रस्ते बंद असतात म्हणून आम्ही दुसऱ्या बाजूने जातो, आणि कधी डोक्यात आलं नाही.

आजोबांना फोन केला. ते म्हणाले त्यांची आई आयुष्यभर घरात 'दा' म्हणायची, शाळेत मास्तर त्यासाठी ओरडायचे म्हणून मुलांनी बाहेर बोलायचं सोडलं, आणि गाडीशी मात्र ते गॅरेजमध्ये एकटे असताना तसंच बोलायचे. चाळीस वर्षं.

सांगलीच्या_बाई

बघ, म्हणूनच कोणी हसलं नाही. (तू म्हणायला सांगितलंस म्हणून म्हणतेय.)

आता वही. "वरून" ठीक, लगा आणि पुढे न हा लघु. त्यानंतर गुरू हवा. "कव्हर" म्हणताना क वर जोर येतो म्हणून तो गुरू, इथपर्यंत बरोबर, पण मग व्ह आणि र असे दोन लघु सलग येतात आणि गाडी खड्ड्यात जाते. जिथे ठेचकाळलास ती जागा तुझ्या कानाने बरोबर पकडली, शाबास. कव्हर काढ, "शाल" घाल. वरून शाल घातली भली. गाडीला शाल पांघरली म्हटलं की ती माणूस झाली, आणि हिवाळा पण आला.

कार्ब्युरेटर सोडून दे. शब्द वाईट नाही पण तो या वृत्तात बसायचा नाही, शेवटी ट आणि र असे दोन लघु सलग येतात. शब्द वृत्तात बसवण्यासाठी मोडायचा नाही हा माझा नियम आहे, मुलांनाही हेच सांगायचे. "गाडि" मी मघाशी ऱ्हस्व केलं ते मंगलाष्टकात चालून जातं, भटजी पण करतात, पण तुझ्या सुनीतात आपण तसं करायचं नाही.

भाषा जुनी हवी तर येतसे, धरी, गिळी, वदे असली रूपं घे, संगीत नाटकातली. पण ओळीत एकच, फार तर दोन. सगळीच जुनी घातली तर माणूस बोलतोय असं वाटत नाही.

कॉव्हेंट्रीकर

जुन्या भाषेबद्दल बाईंशी सहमत. त्या नाटकांत राजे-सरदार छंदात बोलतात आणि पहारेकरी, नोकर, विदूषक बहुतेक वेळा साध्या गद्यात. म्हणजे गाडीशी छंदात बोल, आणि मध्ये हँडब्रेक-टाकीची माहिती द्यायची असेल तर गद्यात दे, मेकॅनिकच्या तोंडून.

पद्मिनी_१०८९

मंडळी मी दोन दिवस गप्प होतो कारण मी पण ल गा ल गा करत होतो, दुकानात बसून बिलबुकाच्या मागे. बाई मला कवितेतलं काही कळत नाही पण मला बॅटरी घालायचीच होती, कारण हिवाळ्यात असो का पावसाळ्यात, आधी मरते ती बॅटरी. आणि "बॅटरी" मोजलं तर गा ल गा होतं. म्हणजे त्याच्या आधी एक लघु सुटा आला की बसतं बरोबर? मग हे बघा:

पडे निजून बॅटरी तुझी

प डे, नि जू, न बॅ, ट री, तु झी. पाच लगा. चुकलं असेल तर सांगा, बायकोला वाचून दाखवलं तर ती म्हणाली पोवाड्यापेक्षा बरं आहे.

सांगलीच्या_बाई

चुकलं? मी टाळ्या वाजवतेय इथे. शब्द न मोडता, ओळ सरळ, अर्थ सरळ, आणि "निजून" म्हणालात, मेली म्हणाला नाहीत. पुढची मी देते, तुमच्या ओळीने सुचली:

तिला हळूच वीज पाजली

लहान बाळाला चमच्याने पाजतात तसं. तो भिंतीवरचा चार्जर म्हणजे तेच करतोय ना. आता "तुझी"ला जुळणारं मालकाने द्यायचं, ते आपण देऊ शकत नाही.

निळी_एमजी

दिलं! ऑफिसच्या पार्किंगमध्ये सुचलं, आत जायला दहा मिनिटं उशीर झाला. "न लाभली सखी मला दुजी." खरंच आहे ते, या देशात आल्यावर पहिली दोन वर्षं मी आणि बायको कोणाला ओळखत नव्हतो, शनिवार-रविवार घरात. गाडी घेतली आणि पहिल्याच आठवड्यात शेजारचा माणूस पाना घेऊन आला, मग त्याने क्लबात नेलं, मग त्यांच्याकडे जेवायला, त्यांनी आमच्याकडे पुरणपोळी खायला, सगळं तिच्यामुळे.

तिसऱ्या चौकासाठी मला एकच गोष्ट सांगायची होती ती कशी सांगू कळत नव्हतं. मी हिवाळ्यात रोज रात्री कचरा टाकायला बाहेर जातो आणि येताना गॅरेजमध्ये शिरतो, कव्हरची एक बाजू उचलून आत बसतो, स्टिअरिंगला हात लावतो, पाच मिनिटं. सुरू करत नाही. चामड्याचा आणि पेट्रोलचा वास असतो. मग परत झाकून येतो. क्लबात विचारलं तर सगळेच असं करतात म्हणाले.

काल रात्री तिथेच बसून मोबाईलच्या उजेडात लिहिलं. बाई, वनात म्हणजे आर्डनचं वन, हा आमचा भाग पूर्वी त्याच जंगलाचा, त्या बाजूच्या अरुंद रस्त्यांवर मे महिन्यात दोन्हीकडून झाडं वर मिळालेली असतात आणि टप उघडा ठेवून चाललं की अंगावर ऊन-सावली धावत जाते. बघा बसतंय का:

सखे, तुझी निळी तनू झुरे,
मुकी उभी घरी, दिवे मुके;
मिठातली हवा पथी फिरे,
दिशा दहा गिळी उभे धुके.

पडे निजून बॅटरी तुझी,
तिला हळूच वीज पाजली;
न लाभली सखी मला दुजी,
वरून शाल घातली भली.

नको म्हणू, "विसावले धनी",
हिवात रोज येतसे तरी;
तुझाच नाद लागला मनी,
बसून चाक हे धरी करी.

नको भिऊ, पुन्हा वसंत ये,
कुशीत घे मला, वनात ने.

सांगलीच्या_बाई

दोनदा मोजलं, एकदा बोटांवर आणि एकदा म्हणून. एकही अक्षर घसरत नाही. "बसून चाक हे धरी करी" ही ओळ मला दिलीस तर मी ठेवून घेईन. "कुशीत घे मला" वर थांबून मग "वनात ने" म्हण, घाई करू नकोस. आणि म्हणताना शिवतांडवासारखं दणदणीत होऊ देऊ नकोस, श्वास घेत.

पद्मिनी_१०८९

माझी ओळ इंग्लंडला चालली. प्रिंट काढून शेडमध्ये लावतोय, जूनमध्ये आमच्या पोरांना पण बसवतो लिहायला. भावा तिथे रेकॉर्ड कर.

निळी_एमजी

मंडळी, गुरुवार झाला. उशिरा लिहितोय कारण तिथून आल्यावर झोपच लागली नाही आणि मग ऑफिसची गडबड.

आधी तारखेची गोष्ट सांगितली, २३ एप्रिलची. अर्ध्या लोकांना ट्रायल माहीत होती, अर्ध्यांना शेक्सपिअर, दोन्ही एकत्र कोणाच्या डोक्यात नव्हतं, सगळे मोबाईल काढून कॅलेंडर बघायला लागले. मग मी सांगितलं की मराठीत दाऊ अजून जिवंत आहे, मी माझ्या आईशी रोज फोनवर दाऊ म्हणतो, आणि गाडीशी पण. मग म्हटलं.

पहिल्या चार ओळी नुसत्या ऐकल्या. दुसऱ्या चौकापासून कोणीतरी टेबलावर बोटांनी ठेका धरला, ड-डम ड-डम, आणि तो बरोबर पडत होता! भाषा एक अक्षर कळत नसताना. बॅटरी शब्द आल्यावर सगळे एकदम हसले, कारण तेवढा एकच ओळखीचा निघाला, पद्मिनी भाऊ हे तुमचं. अर्थ सांगताना चाक धरून बसण्याची ओळ आली तेव्हा कार्ब्युरेटरवाले गृहस्थ म्हणाले, मला वाटलं मी एकटाच तसा बसतो, आणि मग त्यांच्या बायकोने मान हलवली की तिला माहीत आहे.

यॉर्कशरच्या आजोबांनी सखे म्हणजे काय विचारलं. मी सांगितलं मैत्रीण, पण नुसती मैत्रीण नाही. त्यांनी तो शब्द दोन-तीनदा म्हणून बघितला, "सखे", उच्चार चांगला आला. एप्रिलच्या त्या रविवारी ते माझ्या शेजारच्या सीटवर असणार आहेत, रस्ता ते सांगणार, मी चालवणार.

जाताना त्यांनी आपल्या चार ओळींचा कागद मला दिला, पेन्सिलीने लिहिलेला, म्हणाले तुझ्या भाषेत हे कसं ऐकू येतं ते मला ऐकायचंय. रिकामं गॅरेज, फरशीवर डाग, आणि त्यात ते गाडीला दाऊ म्हणून हाक मारतात. मी तीन दिवस प्रयत्न करतोय, पहिली ओळच येत नाही. बाई, वही परत उघडाल का?

सांगलीच्या_बाई

उघडली. त्यांना सांग सांगलीहून आहे. पुढच्या तीन तू करायच्या, तू त्यांना पाहिलं आहेस.

सुन्या घरात डाग राहिला